फाइल अपूर्ण आहे : इराणमधल्या बहाई विद्यार्थ्यांचं प्रकरण

इराणमध्ये विद्यापीठात जायचं तर 'कोन्कूर' द्यावी लागते. शाळा संपताना होणारी ही देशव्यापी प्रवेश परीक्षा. मुलांची वर्ष-दोन वर्षं तिच्या तयारीत जातात, घरातल्यांचं जेवणखाण आणि झोपसुद्धा तिच्या वेळापत्रकावर चालते. परीक्षा घेणारी सरकारी संस्था म्हणजे 'साझमान-ए-संजेश', अर्थात मूल्यमापन संस्था. निकाल लागला की मुलं तिच्या संकेतस्थळावर आपली माहिती भरतात आणि पडद्यावर गुण आणि देशातला क्रमांक उमटतो. काही मुलांच्या पडद्यावर मात्र वर्षानुवर्षं दोनच शब्द येत राहिले : नक्स-ए-परवंदे. परवंदे म्हणजे फाइल. नक्स म्हणजे उणीव. आपला 'नुकसान' ज्या अरबी धातूतून आला, त्याच धातूतला हा शब्द. तुमची फाइल अपूर्ण आहे.

वास्तविक कागद सगळे दिलेले असतात. ओळखपत्राची प्रत, शाळेचा दाखला, फोटो, शुल्क, काही राहिलेलं नसतं. पालक आणि मूल कार्यालयात जाऊन विचारतात, तेव्हा कारण तोंडी सांगितलं जातं किंवा तुम्हाला ते ठाऊकच आहे असं सुचवलं जातं. लेखी काही हातात पडत नाही. बहाई हा एकोणिसाव्या शतकात इराणमध्येच जन्मलेला धर्म. २००७ साली परीक्षा दिलेल्या हजाराहून अधिक बहाई विद्यार्थ्यांपैकी आठशेच्या आसपास मुलांच्या फायली अशा 'अपूर्ण' निघाल्या. एकाच धर्माच्या इतक्या मुलांनी एकाच वर्षी कागद जोडायला विसरावं, यावर कोण विश्वास ठेवेल? पण त्या उत्तरावर कुणी विश्वास ठेवावा अशी अपेक्षाही नव्हती. परत पाठवायला तेवढं पुरत होतं.

हुकूमशाही राजवटीतल्या धार्मिक छळाचं चित्र डोळ्यांसमोर आणलं की फासाचा दोर येतो, जाळलेली प्रार्थनास्थळं येतात, रात्री दारावर पडणारी थाप येते. इराणच्या बहाईंच्या वाट्याला हे सगळं आलं. पण मला या प्रकरणाचा जो भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो त्यानंतरचा आहे. दोर बाजूला ठेवून राज्यसत्तेनं हातात अर्ज घेतला, आणि त्या अर्जातल्या एका रकान्यानं तीन पिढ्यांचं शिक्षण अडवलं.

२५ फेब्रुवारी १९९१ चा कागद

बहाईंना विद्यापीठात प्रवेश देऊ नये, असा संसदेनं केलेला कायदा इराणमध्ये नाही. म्हणूनच इराणचे प्रतिनिधी परदेशात ठामपणे सांगू शकतात की आमच्याकडे कुणालाही केवळ श्रद्धेपायी हक्क नाकारले जात नाहीत. राज्यघटनेचा तेविसावा अनुच्छेद तर म्हणतो की लोकांच्या श्रद्धांची चौकशी करण्यास मनाई आहे आणि एखादी श्रद्धा बाळगली म्हणून कुणाला त्रास देता येणार नाही. त्याच घटनेचा तेरावा अनुच्छेद मात्र मुस्लिमांखेरीज तीनच धर्मांना मान्यता देतो : झरतुष्ट्री, यहुदी आणि ख्रिस्ती. यहुदी वा ख्रिस्ती मुलाला अर्जावर आपला धर्म लिहिता येतो. बहाईंची संख्या सुमारे तीन लाख, म्हणजे देशातल्या मुस्लिमेतर धर्मसमूहांपैकी सर्वांत मोठी, आणि त्यांचा उल्लेख घटनेत कुठेच नाही.

नियम होता तो एका गोपनीय टिपणात. २५ फेब्रुवारी १९९१ या तारखेचं हे टिपण सांस्कृतिक क्रांतीच्या सर्वोच्च परिषदेनं, म्हणजे शिक्षण आणि संस्कृतीचं धोरण ठरवणाऱ्या सरकारी मंडळानं, तयार केलं, परिषदेचे सचिव सय्यद मोहम्मद गोलपायगानी यांनी त्यावर सही केली आणि सर्वोच्च नेते अली खामेनेई यांनी त्याला लेखी मान्यता दिली. दोन वर्षं ते सरकारी कपाटात राहिलं. १९९३ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे इराणविषयक विशेष प्रतिनिधी, एल साल्वादोरचे रेनाल्दो गालिंदो पोल, यांनी ते उघड केलं.

हे टिपण प्रत्येकानं एकदा बारकाईनं वाचावं असं आहे, कारण त्याचा सूर चढलेला नाही. आरंभी म्हटलं आहे की बहाईंना विनाकारण देशाबाहेर काढू नये, विनाकारण अटक करू नये. पुढे येतं की त्यांच्याशी सरकारचा व्यवहार असा असावा, ज्यामुळे त्यांच्या प्रगतीची आणि विकासाची वाट बंद होईल. त्यांची मुलं शाळेत घ्यावीत, पण त्यांनी आपण बहाई असल्याचं सांगितलेलं नसावं; शक्यतो त्यांना कडक धार्मिक वळणाच्या शाळांत घालावं. विद्यापीठातून मात्र त्यांना काढावं, प्रवेशाच्या वेळी किंवा शिकत असताना, ते बहाई असल्याचं कळेल त्या क्षणी. नोकरी मागताना कुणी बहाई असल्याचं सांगितलं तर ती देऊ नये. शिक्षण खात्यासारख्या, माणसांच्या मनावर प्रभाव पडेल अशा जागा त्यांना मिळू नयेत. साधारण माणसाला मिळते तशी बेताची उपजीविका मात्र मिळू द्यावी. बहाई म्हणून राहण्याला उत्तेजन मिळणार नाही इतपत शिधापत्रिका, पारपत्र, दफनाचा दाखला आणि कामाचा परवाना द्यायला हरकत नाही.

शिधापत्रिका आणि दफनाचा दाखला. जगायला अन्न आणि मेल्यावर जमीन, या दोन टोकांच्या मध्ये माणूस जे काही होऊ शकतो तेवढंच नेमकं नाकारलेलं. मी हा कागद अनेकदा वाचला आहे, आणि दर वेळी त्यातला समंजस, कारकुनी सूरच मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो. सतत लागणाऱ्या फाशीच्या बातम्यांनी जगाचं लक्ष वेधलं जातं. अपूर्ण फाइलची बातमी होत नाही. हे कुणीतरी शांतपणे बसून ओळखलं होतं.

वैर कुठून आलं

थोडं मागे जावं लागेल, कारण 'बहाई' म्हटल्यावर आपल्यापैकी अनेकांना दिल्लीतलं कमळाच्या आकाराचं देऊळ तेवढं आठवतं. (त्याचे वास्तुरचनाकार फरीबुर्ज साहबा हे इराणीच.)

१८४४ मध्ये शिराझच्या एका तरुण व्यापाऱ्यानं आपण नव्या युगाचं द्वार असल्याचं जाहीर केलं. 'बाब' म्हणजे द्वार, आणि याच नावानं तो ओळखला गेला. १८५० मध्ये तबरीझला त्याला गोळ्या घालण्यात आल्या आणि त्या आगेमागेच्या वर्षांत त्याच्या हजारो अनुयायांची कत्तल झाली. त्याच चळवळीतले बहाउल्लाह यांनी १८६३ मध्ये बगदादला आपणच तो अपेक्षित ईश्वरी दूत असल्याचं सांगितलं. महंमद पैगंबर हे शेवटचे प्रेषित मानणाऱ्या धर्मशास्त्राला त्यांच्यानंतर आलेला कोणताही प्रेषित मान्य होणं शक्य नव्हतं. शिवाय या धर्मात पुरोहितवर्ग नाही. धर्मगुरूंच्या हाती सत्ता असलेल्या राज्याला हे दुसरं कारण पहिल्याहून कमी टोचत नसावं, असं माझं मत आहे.

हेरगिरीचा आरोप भूगोलातून आला. इराणनं हद्दपार केलेल्या बहाउल्लाहना उस्मानी सुलतानानं १८६८ मध्ये अक्का इथल्या कैद्यांच्या वसाहतीत पाठवलं, आणि १८९२ मध्ये त्याच परिसरात त्यांचा मृत्यू झाला. त्यांची समाधी आणि धर्माचं जागतिक केंद्र त्यामुळे अक्का-हैफाच्या भागात आहे. तिथं इस्राएल हे राष्ट्र उभं राहिलं १९४८ मध्ये, म्हणजे बहाउल्लाह कैदी म्हणून तिथं पोचल्यावर ऐंशी वर्षांनी. तरीही इराणी न्यायालयांत बहाईंवर इस्राएलसाठी हेरगिरी केल्याचा आरोप ठेवला जात आला आहे.

छळ १९७९ च्या इस्लामी क्रांतीनंतरच सुरू झाला असंही नाही. १९५५ च्या रमजानमध्ये, शहाच्या काळात, फलसफी नावाच्या धर्मगुरूची बहाईविरोधी प्रवचनं सरकारी नभोवाणीवरून देशभर गेली. तेहरानच्या बहाई केंद्राचा लष्करानं ताबा घेतला आणि घुमट पाडण्याच्या कामावर सेनाधिकारी स्वतः कुदळ घेऊन चढले. आणि आपल्या विषयाला सर्वांत जवळची गोष्ट त्याहीआधीची, १९३४ ची. तेहरानमध्ये बहाईंच्या 'तरबियत' शाळा होत्या. मुलांची शाळा एकोणिसाव्या शतकाच्या अगदी शेवटी निघाली, मुलींची १९११ मध्ये, जेव्हा मुलींनी शाळेत जाणंच अप्रूपाचं होतं. मुस्लिम घरांतलीही मुलं तिथं शिकत. बहाईंच्या पवित्र दिवशी शाळा बंद ठेवली एवढ्या कारणावरून रझा शहाच्या सरकारनं त्या कायमच्या बंद केल्या. ज्या समाजानं इराणला मुलींच्या शाळा दिल्या, त्याच्याच मुलींना पुढे विद्यापीठाची दारं बंद व्हावीत, हे कुणाही इराणी माणसाच्या जिव्हारी लागावं असं आहे.

१९७९ नंतरची पहिली चार-पाच वर्षं रक्ताची होती. शिराझमधलं बाबचं घर पाडलं गेलं. २१ ऑगस्ट १९८० ला बहाईंच्या राष्ट्रीय मंडळाचे नऊही सभासद बैठकीतून उचलले गेले आणि पुन्हा कुणाला दिसले नाहीत. त्यांच्या जागी निवडलेल्यांपैकी आठ जणांना २७ डिसेंबर १९८१ ला गोळ्या घालण्यात आल्या. दशकभरात दोनशेहून अधिक बहाईंना देहदंड झाला. १८ जून १९८३ ला शिराझमध्ये दहा स्त्रियांना फाशी दिलं. त्यांच्यात पशुवैद्यकीची विद्यार्थिनी होती, भौतिकशास्त्र शिकलेली एक होती, परिचारिका होती. सर्वांत लहान मोना महमूदनिझाद, वय १७. तिच्या वडिलांना तीन महिने आधी फाशी झाली होती. तिचा 'गुन्हा' लहान मुलांचे नीतिशिक्षणाचे वर्ग घेणं हा होता. धर्म सोडत असल्याचं सांगा आणि घरी जा, अशी संधी त्या सगळ्यांना देण्यात आली होती. एकीनंही ती घेतली नाही.

ही संधी लक्षात ठेवा. पुढच्या काळात तीच अर्जाच्या रूपानं परत येते.

दिवाणखान्यातलं विद्यापीठ

क्रांतीनंतर सांस्कृतिक क्रांतीच्या नावाखाली १९८० मध्ये विद्यापीठं बंद करण्यात आली. ती पुन्हा उघडली तेव्हा बहाई प्राध्यापकांना नोकऱ्या राहिल्या नव्हत्या आणि बहाई विद्यार्थ्यांना जागा राहिल्या नव्हत्या. २९ ऑगस्ट १९८३ ला महाअभियोक्त्यांनी बहाईंच्या सगळ्या प्रशासकीय संस्थांवर बंदी घातली. बहाई आपल्या देशाच्या सरकारची आज्ञा पाळणं हे धर्मकर्तव्य मानतात, म्हणून त्यांनी आपली मंडळं स्वतःच विसर्जित केली.

म्हणजे एका बाजूला शिकवायला माणसं होती, डॉक्टरेट मिळवलेली आणि घरी बसवलेली. दुसऱ्या बाजूला शाळा संपवून हात बांधून बसलेली मुलं होती. १९८७ मध्ये या दोन बाजू एकत्र आल्या आणि बहाई उच्च शिक्षण संस्था सुरू झाली. तिला इमारत नव्हती, फाटकावर पाटी नव्हती, आणि सरकारदरबारी नोंद असण्याचा प्रश्नच नव्हता.

सुरुवात टपालाने झाली. पाठ टपालाने जायचे, स्वाध्याय टपालाने यायचे. पाकिटं वाटेत गहाळ होऊ लागली तेव्हा विश्वासातली माणसं ती हातोहात नेऊ लागली. पाठ्यपुस्तकांच्या छायाप्रती काढून वाटल्या जात. मग घरांतून वर्ग भरू लागले : कुणाच्या दिवाणखान्यात गणित, कुणाच्या तळघरात रसायनशास्त्राची छोटी प्रयोगशाळा. दुसऱ्या शहरातून आलेल्या विद्यार्थ्यांना रात्रीचा प्रवास करून यायचं, दोन-तीन दिवसांत महिन्याचे तास उरकायचे आणि परत जायचं. शेजाऱ्यांना संशय येऊ नये म्हणून एकेकट्यानं आत शिरायचं, एकेकट्यानं बाहेर पडायचं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी उपयोजित रसायनशास्त्र, जीवशास्त्र, स्थापत्य अभियांत्रिकी, संगणकशास्त्र, मानसशास्त्र, कायदा, साहित्य, लेखापालन असे विषय पदवीपर्यंत शिकवले जात होते. शिकवणारे दीडशेच्या आसपास, बहुतेक विनावेतन. पुढे इंटरनेट आलं आणि देशाबाहेरचे प्राध्यापकही दुरून शिकवू लागले.

आज्ञाधारक समाजानं हे करणं म्हणजे सरकारची अवज्ञा नव्हे का, हा प्रश्न मला बराच काळ पडला होता. उत्तर त्यांच्या वागण्यातच आहे. मंडळं विसर्जित करा म्हटल्यावर त्यांनी ती केली, कारण मंडळ ही प्रशासनाची बाब होती. शिकणं ही त्यांच्या लेखी माणूसपणाची बाब आहे, आणि ती काढून घेण्याचा अधिकार ते कोणत्याही सरकारला देत नाहीत. इराणनं १९७५ मध्येच मान्य केलेला आर्थिक, सामाजिक आणि सांस्कृतिक हक्कांचा आंतरराष्ट्रीय करारही उच्च शिक्षण पात्रतेनुसार सगळ्यांना सारखं खुलं असावं असं सांगतो. क्रांतीनंतरच्या सरकारनं त्या करारातून अंग काढून घेतलेलं नाही.

१९९८ च्या सप्टेंबरच्या अखेरीस धाडी पडल्या. चार-पाच दिवसांत देशभरातल्या पाचशेहून अधिक घरांत गुप्तचर खात्याची माणसं शिरली. पुस्तकं, संगणक, छायाप्रतीची यंत्रं, सूक्ष्मदर्शकं, नोंदी, काही घरांतून तर टेबलखुर्च्याही उचलून नेल्या. किमान छत्तीस प्राध्यापक आणि कर्मचारी पकडले गेले. ही संस्था आता अस्तित्वात नाही आणि आपण यापुढे तिच्याशी संबंध ठेवणार नाही, अशा मजकुराखाली सही करायला त्यांना सांगण्यात आलं. त्यांनी सही केली नाही. पुस्तकं गेली, छायाप्रतीची यंत्रं गेली, तरी वर्ग पुन्हा भरले.

रकाना

कोन्कूरच्या अर्जावर धर्माचा रकाना होता. त्यात चार पर्याय : इस्लाम, ख्रिस्ती, यहुदी, झरतुष्ट्री. बहाई मुलानं 'इस्लाम' अशी खूण केली असती तर पुढचं सगळं सुरळीत झालं असतं. निदान अर्जापुरतं.

जिवावर बेतलं तर श्रद्धा लपवण्याची मुभा शिया परंपरेत आहे. तिला 'तकिय्या' म्हणतात. म्हणजे ज्यांनी हा रकाना छापला त्यांच्या स्वतःच्या धर्मपरंपरेत खोटी खूण करणं पाप ठरलंच असतं असं नाही. बहाईंना आपला धर्म नाकारणं मंजूर नाही, आणि हे अर्ज छापणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. या छळयंत्रणेत मला दिसणारी सर्वांत कडवट गोष्ट हीच : ती चालते तिच्या बळींच्या खरेपणावर. मुलं खोटं लिहिणार असती तर हा रकाना निरुपयोगी ठरला असता. पहारेकरी नेमावे लागले नाहीत, चौकशी करावी लागली नाही. अठरा वर्षांच्या मुलानं रकाना रिकामा सोडायचा आणि स्वतःच स्वतःला बाहेर ठेवायचं.

२००३-०४ च्या सुमारास बदल झाल्यासारखं दिसलं. अर्जावर धर्म विचारला जाणार नाही, फक्त धर्मशिक्षणाचा पेपर कोणत्या धर्माचा देणार एवढं लिहायचं, असं सरकारनं जाहीर केलं. इस्लामचा पेपर देणं म्हणजे इस्लाम स्वीकारणं नव्हे. तो विषय या मुलांनी शाळेत शिकलेलाच होता. हजारेक बहाई मुलं २००४ मध्ये परीक्षेला बसली. वीस वर्षांनी पहिल्यांदा. निकालाचा कागद आला तेव्हा त्यावर धर्म छापलेला होता : इस्लाम. कुणी न लिहिलेला. इस्लामचा पेपर दिला म्हणजे धर्मही तोच, असा खुलासा अधिकाऱ्यांनी केला. छापलेलं तसंच राहू द्या आणि प्रवेश घ्या. मुलांनी तो कागद परत केला.

त्या घरांमधली ती संध्याकाळ मी पुन्हा पुन्हा मनात आणून पाहतो. गुण हातात आहेत, ते चांगले आहेत. आपण खोटं लिहिलेलं नाही, दुसऱ्या कुणी तरी लिहिलं आहे. गप्प बसायचं, एवढंच करायचं आहे. माझं मूल त्या जागी असतं तर मी त्याला काय सांगितलं असतं, याचं खरं उत्तर देणं मला जड जातं.

२००६ मध्ये जवळपास दोनशे बहाई विद्यार्थी कसेबसे विद्यापीठांत पोचले. त्याच वर्षी विज्ञान मंत्रालयाच्या सुरक्षा विभागाकडून ८१ विद्यापीठांना पत्र गेलं : नोंदणीच्या वेळी वा शिकत असताना कुणी बहाई असल्याचं कळलं तर त्याला काढून टाका. बहुतेकांचं शिक्षण काही महिन्यांत थांबलं. पाळतही वाढली होती. बहाईंची ओळख पटवून त्यांच्या हालचालींवर लक्ष ठेवावं, असं लष्करी मुख्यालयाचं २९ ऑक्टोबर २००५ चं गोपनीय पत्र संयुक्त राष्ट्रांच्या धर्मस्वातंत्र्यविषयक प्रतिनिधी, पाकिस्तानच्या वकील अस्मा जहांगीर, यांनी मार्च २००६ मध्ये जगासमोर आणलं. पुढच्याच वर्षी 'नक्स-ए-परवंदे' आलं. आता धर्म विचारायचीही गरज उरली नव्हती. यादी तयार होती.

२००८ नंतर

२००८ मध्ये बहाई समाजाचं दैनंदिन कामकाज पाहणाऱ्या सात जणांना पकडण्यात आलं. मंडळांवर बंदी आल्यानंतर लग्नं, दफनं, मुलांचं शिक्षण अशा गोष्टी हे सात जण सरकारला माहीत असताना पाहत होते. त्यांना 'यारान', म्हणजे मित्र, म्हणत. त्यांतल्या दोघी या प्रकरणाच्या केंद्राशी आहेत.

महवश साबेत शिक्षिका होत्या, मुख्याध्यापिका झाल्या, देशाच्या साक्षरता समितीबरोबर त्यांनी काम केलं होतं. क्रांतीनंतर बहाई म्हणून त्यांची नोकरी गेली. पुढे पंधरा वर्षं त्यांनी बहाई उच्च शिक्षण संस्थेची धुरा वाहिली. फरीबा कमालाबादी शाळेतून उत्तम गुणांनी बाहेर पडल्या, पण विद्यापीठाचं दार त्यांना बंद होतं. वयाच्या पस्तिशीच्या आसपास, संसार आणि मुलं सांभाळत, त्यांनी याच संस्थेत आठ वर्षं अभ्यास करून विकासात्मक मानसशास्त्रात पदवी मिळवली. एकीनं नोकरी गमावून विद्यापीठ चालवलं, दुसरी त्यात शिकली, आणि दोघी एविन तुरुंगात एकत्र आल्या. त्यांचं वकीलपत्र घेणाऱ्यांत नोबेल शांतता पुरस्काराच्या मानकरी शिरीन एबादी होत्या. २००८ च्या डिसेंबरमध्ये एबादींच्या मानवी हक्क केंद्रालाच सरकारनं टाळं ठोकलं. २०१० मध्ये सातही जणांना वीस वर्षांची शिक्षा झाली, पुढे ती दहावर आली. साबेत यांनी तुरुंगात कविता लिहिल्या. त्या बाहेर पोचल्या, भाषांतरित झाल्या.

दरम्यान २२ मे २०११ ला संस्थेवर पुन्हा धाड पडली : तेहरान, कराज, इस्फहान, शिराझ अशा शहरांतल्या तीसेक घरांवर एकाच दिवशी. शिकवणाऱ्यांना चार-चार, पाच-पाच वर्षांच्या शिक्षा झाल्या. एका दांपत्यातल्या दोघांनाही प्रत्येकी चार वर्षं झाली. मागे लहान मूल होतं. दोघं परदेशी विद्यापीठात समुपदेशन शिकून मायदेशी शिकवायला परत आले होते.

या विद्यापीठाचं कौतुक करताना एक गोष्ट झाकली जाते, आणि ती इथं सांगितली पाहिजे. दिवाणखान्यात सगळं शिकवता येत नाही. वैद्यकी शिकायला रुग्णालय लागतं, मोठी यंत्रं लागतात, प्रेतविच्छेदनाची सोय लागते. ज्या मुलीला शल्यविशारद व्हायचं होतं तिनं मानसशास्त्र घेतलं, कारण ते उपलब्ध होतं. पदवी इराणमध्ये ग्राह्य नाही, म्हणून सरकारी नोकरी नाही. आणि खासगी दुकान काढलं तर बहाईंच्या पवित्र दिवशी ते बंद ठेवल्याबद्दल त्याला सील लागतं. काही परदेशी विद्यापीठं या पदव्या मानतात, त्यामुळे हुशार मुलं उच्च शिक्षणासाठी बाहेर जातात आणि त्यांतली बरीच परतत नाहीत. १९८१ साली ज्याला विद्यापीठातून काढलं त्याची मुलगी २००७ मध्ये 'अपूर्ण' ठरली, आणि आता तिची मुलं शाळेत आहेत. धैर्याच्या कथेनं भारून जाणाऱ्या आपल्यासारख्या दूरच्या वाचकांनी हा हिशेब नजरेआड करू नये. त्या मुलांना धैर्यवान व्हायचं नव्हतं, शिकायचं होतं.

इराणी समाजानं हे सगळं मूकपणे पाहिलं असंही नाही. एके काळी खोमेनींचे वारस म्हणून नेमले गेलेले आयातुल्ला मोंतझरी यांनी २००८ मध्ये जाहीर केलं की बहाई या देशाचे नागरिक आहेत आणि नागरिकत्वाचे हक्क त्यांना मिळायला हवेत. २००९ मध्ये दोनशेहून अधिक इराणी लेखक, अभ्यासक आणि कलावंतांनी बहाईंना उद्देशून पत्र काढलं. त्याचं शीर्षक 'आम्हाला लाज वाटते' असं होतं. २०१६ मध्ये कमालाबादी काही दिवसांच्या रजेवर तुरुंगाबाहेर आल्या, तेव्हा माजी राष्ट्राध्यक्ष रफसंजानी यांची मुलगी फाएझे हाशमी त्यांना घरी जाऊन भेटली. दोघी एविनमध्ये एकत्र राहिल्या होत्या. त्या भेटीचं छायाचित्र प्रसिद्ध झालं आणि देशात गदारोळ उठला. वडिलांनी मुलीला जाहीरपणे दोष दिला. तिनं भेटीबद्दल पश्चात्ताप व्यक्त केला नाही. एका कैदी मैत्रिणीच्या घरी जाण्यानं सत्ता इतकी हलते, यावरून बहाई आणि इतर इराणी यांच्यामधल्या भिंतीला किती जपलं जात होतं ते कळतं.

साबेत आणि कमालाबादी २०१७ च्या शरदात सुटल्या. ३१ जुलै २०२२ ला दोघींना पुन्हा अटक झाली आणि पुन्हा दहा-दहा वर्षांची शिक्षा झाली. साबेत तेव्हा सत्तरीला आल्या होत्या. त्या उन्हाळ्यातही कोन्कूरचे निकाल लागले आणि बहाई मुलांनी संकेतस्थळावर आपापली माहिती भरली. अलीकडच्या वर्षांत तिथले शब्द थोडे बदलले आहेत. फाइल अपूर्ण असल्याचं आता नेहमीच सांगितलं जात नाही. काही जणांना लिहून येतं : सर्वसाधारण पात्रता नाही.